दंतोपचारभय आणि रुग्णनियंत्रण

दातांवरील उपचारांच्या प्रसंगी, किंवा ते करून घ्यावे लागणार या नुसत्या कल्पनेने, मनात उत्पन्न होणाऱ्या भीतीला व चिंतेला ‘दंतोपचारभय’ असे म्हणतात. सौम्य स्वरूपात ते बहुतेकांच्या परिचयाचे असते. तीव्र स्वरूपात ते भयगंडाचे रूप घेते आणि मग मनुष्य वर्षानुवर्षे दंतवैद्याकडे जाण्याचे टाळतो. या भीतीचे मूळ वेदनेत आहे व वेदना नाहीशी झाली की भीतीही नाहीशी होईल, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या संशोधनामुळे ही समजूत अपुरी असल्याचे दिसून आले. वेदनेइतकेच महत्त्वाचे दुसरे कारण म्हणजे रुग्णाची असहायता होय. आपल्या तोंडात जे चालले आहे ते आपल्याला दिसत नाही, त्याविषयी बोलता येत नाही आणि ते थांबविताही येत नाही, ही जाणीव भीतीला पोसते. उलट, उपचार थांबविण्याचे साधन रुग्णाच्या हाती दिले असता पुष्कळदा त्याचा वापर न होताही भीती ओसरते. या विचाराचा उगम, त्यामागील प्रयोग आणि त्याच्या मर्यादा यांचा परामर्श येथे घेतला आहे.

प्रारंभीचा काळ : यूरोपात अठराव्या शतकापर्यंत दात उपटण्याचे काम मुख्यतः न्हावी आणि गावोगावच्या जत्रांतून फिरणारे दात उपटणारे करीत. रुग्णाला जमिनीवर बसवून त्याचे डोके आपल्या गुडघ्यांत घट्ट धरावयाचे, ही त्यांची नेहमीची रीत होती. फ्रेंच दंतवैद्य प्येअर फोशार यांनी १७२८ साली दंतशल्यचिकित्सेवरील आपला द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. आधुनिक दंतवैद्यकाचा पाया या ग्रंथाने घातला, असे मानले जाते. रुग्णाला जमिनीवर बसविण्याची पद्धत त्यांनी दोषास्पद ठरविली आणि त्याला हातांच्या खुर्चीत नीट टेकून बसवावे, अशी शिफारस केली. रुग्णाची सोय हा उपचाराचाच भाग आहे, हा विचार तिच्यात दिसतो. तथापि रुग्णाला उपचारात काही अधिकार असावा, ही कल्पना त्या काळाला अपरिचित होती. वेदनेवर खात्रीचा उपाय नसल्याने दात शक्य तितक्या झटपट काढणे आणि तोवर रुग्णाला हलू न देणे, यातच कौशल्य मानले जाई.

शुद्धिहरणाचा शोध आणि उरलेली भीती : वेदनेवर विजय मिळविण्याच्या कार्यात दंतवैद्य अग्रभागी होते. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील दंतवैद्य हॉरिस वेल्स यांनी ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगून स्वतःचाच दात काढवून घेतला. विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्यांनी ३० सप्टेंबर १८४६ रोजी ईथरच्या साह्याने एका रुग्णाचा दात वेदनेविना काढला आणि त्याच वर्षी १६ ऑक्टोबर रोजी बॉस्टन येथील रुग्णालयात ईथरचे प्रसिद्ध जाहीर प्रात्यक्षिक केले. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनचा स्थानिक संवेदनाहारक म्हणून उपयोग दाखवून दिला. पुढे १९०५ च्या सुमारास प्रोकेन व १९४८ पासून लिडोकेन ही अधिक सुरक्षित औषधे वापरात आली [⟶ शुद्धिहरण].

सुईने जबडा बधिर केल्यावर दात कोरताना सहसा दुखत नाही. असे असूनही दंतवैद्याच्या खुर्चीची भीती नष्ट झाली नाही. वेदनाहरणाची साधने सुधारत गेली, तरी भीतीपायी उपचार टाळणाऱ्यांचा वर्ग कायमच राहिला. कित्येकांची भीती तर बधिरतेच्या सुईभोवतीच केंद्रित झाली. हा विरोधाभास समजून घेण्यासाठी उपचारतंत्रातील बदलांकडेही पाहावे लागते.

उपचारतंत्रातील बदल : दंतवैद्यकाची प्रगती होत गेली तसतशी रुग्णाची हालचाल व वाचा अधिकाधिक मर्यादित होत गेली. १८६४ मध्ये सँफर्ड बार्नम यांनी दात कोरडा ठेवण्यासाठी तोंडावर रबराचा पातळ पडदा ताणण्याची युक्ती काढली. उपचाराच्या दृष्टीने ती अत्यंत उपयुक्त ठरली. परंतु तिच्यामुळे रुग्णाचे बोलणे बंद झाले. १८७१ मध्ये जेम्स मॉरिसन यांनी पायाने चालविण्याचे दात कोरण्याचे यंत्र तयार केले. १९५७ मध्ये जॉन बॉर्डन यांचे हवेच्या दाबावर चालणारे, मिनिटाला सुमारे ३ लाख फेरे घेणारे यंत्र बाजारात आले. त्याने काम जलद झाले व कंपने घटली. मात्र त्याचा तीक्ष्ण आवाज हाच पुढे भीतीचा संकेत बनला. त्याच सुमारास रुग्णाला जवळजवळ आडवे झोपविणाऱ्या खुर्च्या रूढ होऊ लागल्या. दंतवैद्य व त्याचा मदतनीस या दोघांना बसून काम करणे त्यामुळे शक्य झाले. रुग्ण मात्र उताणा पडलेला, तोंड उघडे, डोळ्यांवर प्रखर प्रकाश आणि डोक्याशी दोन माणसे, अशा स्थितीत आला. यांतील प्रत्येक सुधारणा रास्त होती. पण त्या साऱ्यांच्या एकत्रित परिणामाने रुग्ण पूर्णपणे परस्वाधीन झाला.

बालरुग्णांबाबतचे दोन मार्ग : मुलांच्या दंतोपचारात या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे शोधली गेली. पहिले उत्तर सक्तीचे होते. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून धरावयाचा, ओरडणे थांबविल्यास तो काढला जाईल असे त्याच्या कानात सांगावयाचे व ते शांत झाल्यावर हात काढावयाचा, ही पद्धत अमेरिकेत १९२० च्या दशकापासून ग्रंथांतून वर्णिली गेली आणि अनेक दशके शिकविली जात होती. तिच्याविषयी वाद वाढत गेला व २००६ साली अमेरिकन बालदंतवैद्यक अकादमीने आपल्या मार्गदर्शक सूचनांतून तिला वगळले.

दुसरे उत्तर विश्वासाचे होते. ॲडल्स्टन यांनी १९५९ मध्ये ‘सांगा, दाखवा, करा’ या सूत्राची मांडणी केली. प्रथम काय करावयाचे ते मुलाला समजेल अशा भाषेत सांगावयाचे, मग ते उपकरण त्याच्या नखावर किंवा हातावर चालवून दाखवावयाचे आणि त्यानंतरच दाताला लावावयाचे, असा हा क्रम आहे. यात मुलाला उपचार थांबविण्याचा अधिकार मिळत नाही. परंतु पुढे काय घडणार हे त्याला आधी कळते. अनपेक्षितता दूर होणे ही नियंत्रणाची पहिली पायरी होय. हे सूत्र आजही बालदंतवैद्यकात मूलभूत मानले जाते.

ध्वनीचा प्रयोग : रुग्णाच्या हाती प्रत्यक्ष नियंत्रण देणारा एक लक्षणीय प्रयोग वेगळ्याच हेतूने झाला. केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील दंतवैद्य वॉलेस गार्डनर आणि मानसशास्त्रज्ञ जे. सी. आर. लिक्लायडर यांनी १९५९–६० मध्ये ध्वनीने वेदना दडपण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाच्या कानांवर श्रवणयंत्रे बसवून त्याला संगीत ऐकविले जाई. त्याखेरीज धबधब्याच्या आवाजासारखा गोंगाट वाढविण्याची कळ त्याच्या हाती असे. दुखू लागेल असे वाटताच त्याने ती फिरवावयाची, अशी योजना होती. अनेक रुग्णांना वेदनाशामक औषधाची गरज भासली नाही, असा अनुभव या दोघांनी नमूद केला आणि या उपकरणाबद्दल मोठे कुतूहल निर्माण झाले.

तथापि रॉनल्ड मेल्झॅक व त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्ये प्रयोगशाळेत घेतलेल्या चाचण्यांत नुसत्या ध्वनीने वेदना सहन करण्याची शक्ती वाढत नाही, असे दिसून आले. ध्वनीबरोबर त्याच्या उपयुक्ततेची जोरदार सूचना दिली तरच परिणाम होई. यावरून वेदना दडपण्याची शक्ती आवाजात नसून रुग्णाच्या अपेक्षेत व त्याच्या स्वतःच्या कृतीत असावी, असा तर्क पुढे आला. उपकरण लवकरच मागे पडले. परंतु रुग्णाच्या हातातील कळीचा प्रश्न शिल्लक राहिला.

मानसशास्त्रीय पाया : या प्रश्नाचे उत्तर दंतवैद्यकाबाहेर तयार होत होते. मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत काही कुत्र्यांना विजेचा धक्का स्वतःच्या हालचालीने बंद करता येत असे. इतरांना तेवढाच धक्का बसे, पण तो बंद करणे त्यांच्या हाती नसे. दुसऱ्या गटातील पुष्कळ प्राणी पुढे सुटकेची वाट खुली असतानाही निपचित पडून राहिले. या अवस्थेस ‘शिकलेली असहायता’ हे नाव मिळाले. धक्का सारखाच असूनही परिणाम निराळा झाला, हे यातील मर्म होय.

डेव्हिड ग्लास व जेरोम सिंगर यांनी माणसांवर केलेले गोंगाटाचे प्रयोग १९७२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. काही व्यक्तींना गोंगाट बंद करणारे बटण देण्यात आले आणि शक्यतो ते वापरू नये, असे सांगण्यात आले. बहुतेकांनी ते दाबले नाही. तरीही नंतर दिलेल्या कामांत, उदा., मुद्रितशोधनात, बटण नसलेल्यांपेक्षा त्यांच्या चुका कमी झाल्या व त्यांची चिकाटी अधिक टिकली. न वापरलेले साधनही उपकारक ठरते, हे येथे स्पष्ट झाले.

असे का व्हावे, याची एक समर्पक उपपत्ती सूझन मिलर यांनी १९७९ मध्ये मांडली. नियंत्रण हाती असलेल्या व्यक्तीला त्रासाची कमाल मर्यादा ठाऊक असते. सहन होईनासे झाले तर मी हे थांबवीन, एवढी खात्री असल्याने ती वर्तमान त्रास सोसू शकते. ज्याच्या हाती नियंत्रण नाही, त्याला पुढच्या क्षणी काय होईल याचा अंदाज नसतो. म्हणून तो प्रत्येक क्षणी सर्वांत वाईटाची अपेक्षा करीत राहतो. याच उपपत्तीनुसार, दुसरी व्यक्ती आपल्यापेक्षा अधिक भरवशाची वाटल्यास माणूस नियंत्रण आपण होऊन तिच्या स्वाधीन करतो. दंतवैद्यावरील विश्वास आणि स्वतःच्या हातातील नियंत्रण या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे यावरून ध्यानात येते.

नियंत्रणाचे प्रकारही वेगवेगळे आहेत. जेम्स ॲव्हरिल यांनी १९७३ मध्ये त्याचे तीन प्रकार सांगितले. प्रत्यक्ष कृतीने घटना बदलता येणे हा पहिला, घटनेचा अर्थ समजून घेता येणे हा दुसरा आणि पर्यायांतून निवड करता येणे हा तिसरा होय. दंतवैद्याला थांबण्याची खूण करणे, पुढील टप्प्याची माहिती आधी मिळणे आणि उपचार आज करावयाचा की पुढील भेटीत हे ठरविणे, ही त्यांची अनुक्रमे उदाहरणे म्हणता येतील.

कोरा यांचे संशोधन : भीती कमी झाली किंवा नाही हे ठरविण्यासाठी ती मोजता येणे आवश्यक असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये दंतोपचारचिंतेची श्रेणी प्रसिद्ध केली. तीत चार प्रश्न असून प्रत्येकास पाच पर्यायी उत्तरे आहेत. उद्या दंतवैद्याकडे जावयाचे आहे, प्रतीक्षागृहात बसलेले आहोत, खुर्चीत बसल्यावर दात कोरण्याचे यंत्र सज्ज केले जात आहे आणि दात साफ करण्याची उपकरणे मांडली जात आहेत, या चार प्रसंगी काय वाटते ते विचारले जाते. एकूण गुण ४ ते २० या दरम्यान येतात. जेरी हम्फ्रिस व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तीत बधिरतेच्या सुईविषयीचा पाचवा प्रश्न घातला. या सुधारित श्रेणीत गुण ५ ते २५ या दरम्यान असतात व १९ किंवा त्याहून अधिक गुण तीव्र भीतीचे निदर्शक मानले जातात.

कोरा यांनी १९७३ मध्ये बालरुग्णांवर घेतलेला प्रयोग या विषयातील पहिल्या प्रयोगांपैकी एक होय. उपचार चालू असताना दंतवैद्याला खूण करता येईल असे बटणांचे साधन काही मुलांना दिले होते. इतरांना ते दिले नव्हते. त्वचेच्या विद्युत् प्रतिसादावरून मनावरील ताण मोजला असता, उपचारातील अधिक क्षोभकारक टप्प्यांत साधन असलेल्या मुलांचा ताण कमी आढळला. प्रौढांच्या बाबतीत निष्कर्ष इतके सरळ आले नाहीत. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्नायूंचे शिथिलीकरण व लक्ष दुसरीकडे वळविणे हे उपाय नुसत्या खुणेच्या बटणापेक्षा अधिक प्रभावी ठरले. बटण देणे म्हणजे नियंत्रण देणे नव्हे आणि सर्वांनाच नियंत्रण सारखे हवे असते असेही नव्हे, असा बोध यातून घेता येतो.

व्यक्तिभेद : या दुसऱ्या मुद्द्याचा उलगडा आयोवा विद्यापीठातील हेन्रिएटा लोगन, रॉबर्ट बॅरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९९१ मधील अभ्यासात त्यांनी रुग्णाला किती नियंत्रण हवेसे वाटते आणि प्रत्यक्षात किती असल्याचे जाणवते, या दोन गोष्टी स्वतंत्रपणे विचारल्या. ज्यांना नियंत्रणाची इच्छा तीव्र पण प्रत्यक्ष जाणीव अल्प, अशा रुग्णांना सर्वाधिक ताण होतो, असे आढळले. १९९४ मध्ये याच गटाने दाखवून दिले, की ताणाला तोंड देण्याचे पूर्वशिक्षण नेमके अशाच रुग्णांना विशेष लाभदायक ठरते. ज्यांना मुळात नियंत्रण नको असते, किंवा जे आहे त्यात समाधान असते, त्यांना या उपायांचा फारसा फायदा होत नाही. एकच उपाय सरसकट लागू करण्याऐवजी रुग्णाला आधी विचारणे महत्त्वाचे आहे, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो.

चिकित्सालयीन उपयोग : जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या सुमारास रूढ केलेल्या क्रमशः भयनिवारणाच्या पद्धतीत रुग्ण शिथिल अवस्थेत भीतिदायक प्रसंगांची कल्पना करतो आणि चिंता वाटू लागताच बोट उचलतो, त्याबरोबर तो प्रसंग थांबविला जातो. इलियट गेल व विल्यम एअर यांनी १९६९ मध्ये ही पद्धत दंतोपचारभयासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात फिलिप मिलग्रोम, पीटर वाइनस्टाइन इत्यादींनी भयग्रस्त रुग्णांसाठी स्वतंत्र चिकित्सालय चालविले आणि १९८५ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. यूरोपात स्वीडनमधील गॉथनबर्ग येथे उल्फ बेरग्रेन यांचे कार्य महत्त्वाचे आहे.

अशा चिकित्सालयांतून रुळलेली पद्धत थोडक्यात अशी : उपचारापूर्वी, रुग्ण अजून सरळ बसलेला असताना, त्याच्याशी बोलून भीतीचे नेमके कारण जाणून घेतले जाते. डावा हात वर करणे यासारखी थांबण्याची खूण ठरविली जाते. ती तोंडात उपकरण नसतानाच एक-दोनदा करून पाहिली जाते आणि प्रत्येक वेळी दंतवैद्य खरोखर थांबतो. दात कोरण्याचे काम पाच किंवा दहा अंक मोजण्याइतक्या लहान टप्प्यांत विभागले जाते. प्रत्येक टप्प्यानंतर विश्रांती असते. पहिल्या भेटीत नुसती तपासणी, पुढील भेटीत दात साफ करणे व त्यानंतर दात भरणे, असा सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम ठेवला जातो. बधिरता पुरेशी आली आहे, हे रुग्णाने मान्य केल्याशिवाय काम सुरू केले जात नाही. हाच विचार पुढे औषधयोजनेतही आला. अक्कलदाढा काढताना गुंगीच्या औषधाची मात्रा रुग्णाने बटण दाबून स्वतः घेण्याची व यंत्राने तिला सुरक्षित मर्यादा घालण्याची पद्धत १९९० च्या दशकात अभ्यासली गेली.

या प्रयत्नांचे महत्त्व भीतीच्या परिणामांवरून कळते. बेरग्रेन व मायनर्ट यांनी १९८४ मध्ये भीतीच्या दुष्टचक्राचे वर्णन केले. भीतीमुळे उपचार टळतो, दात किडत जातात, आपल्या तोंडाची लाज वाटू लागते आणि लाजेमुळे दंतवैद्यापुढे जाणे आणखी कठीण होते. शेवटी असह्य ठणका लागल्यावर रुग्ण येतो, तेव्हा दात काढण्यावाचून गत्यंतर नसते व त्या अनुभवाने मूळ भीती दृढ होते. ऑस्ट्रेलियातील जेसन आर्मफील्ड यांनी २००६ मध्ये मांडलेल्या उपपत्तीत, एखादी गोष्ट अनियंत्रित, अनपेक्षित, धोकादायक व किळसवाणी वाटणे या चार जाणिवांना भीतीच्या मुळाशी स्थान दिले आहे. यांपैकी पहिल्या दोन जाणिवांवर दंतवैद्याच्या वागणुकीचा थेट परिणाम होतो.

मर्यादा व नैतिक बाजू : जेम्स गीर, जेरल्ड डेव्हिसन व रॉबर्ट गॅचेल यांनी १९७० मध्ये दाखवून दिले होते, की आपल्या कृतीमुळे विजेचा धक्का लवकर थांबतो असा नुसता खोटा समज करून दिला, तरीही माणसाचा ताण घटतो. यावरून नियंत्रणाचा आभास पुरेसा आहे, असे वाटण्याचा संभव आहे. दंतवैद्याच्या खुर्चीत मात्र हा आभास फार काळ टिकत नाही. हात वर केल्यावर ‘आता झालेच, एवढे सोसा’ असे म्हणून काम पुढे रेटले गेले, तर रुग्णाला आपण असहाय असल्याचा अधिकच ठळक पुरावा मिळतो. पाळला न गेलेला संकेत मुळात न दिलेल्या संकेतापेक्षा घातक ठरू शकतो. कारण त्याने भीतीच्या जोडीला अविश्वासही येतो. काही क्षण असे असतात की तेथे तात्काळ थांबणे धोक्याचे असते, उदा., सुई टोचलेली असताना किंवा दात अर्धवट निघालेला असताना. असे टप्पे कोणते व ते किती वेळ चालतील, हे आधीच सांगणे हाच त्यावरील प्रामाणिक उपाय होय. तीव्र भयगंडात केवळ खुणेचा संकेत अपुरा पडतो आणि मानसोपचाराची किंवा गुंगीच्या औषधाची जोड द्यावी लागते.

रुग्णाच्या अधिकाराविषयीच्या व्यापक विचाराशीही या पद्धतीचे नाते आहे. भारतात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्याच्या निकालात रुग्णाची संमती खरी व पुरेशा माहितीवर आधारलेली असली पाहिजे आणि एका प्रक्रियेस दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेस लागू होत नाही, असे तत्त्व मांडले. तो खटला दंतोपचाराचा नव्हता. परंतु संमती म्हणजे आरंभी केलेली एक सही नव्हे, हा त्यातील आशय येथेही लागू पडतो. थांबण्याची खूण ही एका अर्थी उपचार चालू असताना क्षणोक्षणी दिली जाणारी संमतीच होय.

या उपायाला उपकरण लागत नाही, खर्च येत नाही आणि दंतवैद्य व रुग्ण यांची भाषा एक नसली तरी त्याचे अडत नाही. लागतो तो वेळ, आणि गर्दीच्या दवाखान्यांत नेमका तोच दुर्मिळ असतो. तथापि प्रत्येक भेटीत खर्च झालेली ही काही मिनिटे रुग्णाला पुढील भेटीस येण्याचे धैर्य देतात. दंतक्षय व हिरड्यांचे विकार हे दुखू लागण्यापूर्वीच आवरता येणारे रोग असल्याने, रुग्ण वेळेवर परत येणे हीच त्यांच्या प्रतिबंधाची पहिली अट आहे.